उपाशीपोटी बारा मैल

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, की प्रसादाच्या रांगेत खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणाच्या मुलाला कुठं अॅडमिशन मिळाली, कुणी घर विकलं, कुणाचा गुडघा बदलला. गेली दोन-तीन वर्षं त्या रांगेत मला एक ठरावीक प्रश्न येतो : "तुम्ही मॅरेथॉन पळता म्हणे! मग सकाळी खाता तरी काय?" विचारणाऱ्यांत नुकताच हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरलेली तरुण मंडळी असतात, तशीच डॉक्टरांनी "शुगर बॉर्डरवर आहे, चालायला लागा" असं सांगितलेली आमच्या वयाचीही असतात. हातात शिऱ्याचा द्रोण धरून दोन वाक्यांत उत्तर देणं अवघड, म्हणून संपादकबाईंनी "लिहूनच द्या" असा लकडा लावला. तेव्हा हा लेख. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. हिशेब तपासणीत नोकरी करणारी, शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं राहणारी चारचौघींसारखी बाई आहे. एक मोठी चूक करून जे शिकले, तेवढंच सांगते.

माझं पळणं हौसेतून नाही, भीतीतून सुरू झालं. मार्च २०२३ मध्ये वार्षिक तपासणीत ए-वन-सी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे 'प्रीडायबेटिस', मधुमेहाचा उंबरठा. मी जाड नाही, वजन ६२ किलो, त्यामुळे मला तो आकडा खराच वाटेना. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हा भारतीयांचं वजन कमी असलं तरी शुगर वाढते. म्हणून तर आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी इतरांपेक्षा कमी बी-एम-आयला, २३ पासूनच सुरू करा असं आम्हाला सांगितलेलं आहे." माझे वडील सांगलीला मधुमेहानंच गेले. त्यांच्या पायाची जखम मी पाहिलेली आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरातून साखर गेली, भात गेला, पोहे गेले, केळी गेली. आधी चालणं, मग थोडं पळणं, मग शेजारच्या गावातला पळणाऱ्यांचा गट. गटातले सगळे ऑक्टोबरच्या शिकागो मॅरेथॉनची तयारी करत होते. त्यांच्या नादानं मीही एका धर्मादाय संस्थेसाठी पैसे जमवून नंबर मिळवला. आमचे 'हे' म्हणाले, "अगं, बेचाळीस किलोमीटर! गाडीनं गेलो तरी तू मध्ये कॉफीला थांबवतेस." असो.

पळायचं पहाटे, आणि पहाटे पोटात काही नाही, असा माझा शिरस्ता. त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे शुगरची धास्ती : खाल्लं की आकडा चढणार. दुसरं कारण त्याहून जुनं. पारोशानं तोंडात काही घालायचं नाही, ही आईची शिस्त. आंघोळ, देवापुढे दिवा, मग चहा. पळून आल्यावर परत आंघोळ करायचीच, तर पहाटे आधी कशाला? म्हणजे पळण्याआधी खाणंही नाही. तीन-चार मैलांपर्यंत हे सगळं बिनबोभाट चाललं, आणि त्यानं माझा गैरसमज पक्का झाला.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता. ४ ऑगस्टला, शुक्रवारी संकष्टी. दिवसभर ताक आणि थोडे दाणे. रात्री दहाला चंद्र दिसला तेव्हा इतकी दमले होते, की चार घास वरणभात खाऊन झोपले. आणि शनिवारी पहाटे साडेपाचला प्रेअरी पाथवर गटाबरोबर हजर! त्या दिवशी बारा मैल होते.

आठ मैलांपर्यंत ठीक होतं. नवव्या मैलात पाय जड झाले. मग एक विचित्र गोष्ट झाली : मला रस्ता ओलांडायचा सिग्नल कळेना. हिरवा दिसत होता, पण हिरवा म्हणजे जायचं की थांबायचं, ते आठवेना. हात थरथरत होते, घाम गार झाला होता. पुढं एक पाऊल टाकलं, आणि गटातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी दंडाला धरून मागं ओढलं. गाडी समोरून गेली. बाईंनी मला बाकावर बसवून विचारलं, "आज खाल्लंस काय?" मी म्हटलं, "काही नाही." "काल?" मी संकष्टी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण मला इंग्रजी शब्दच सुचेनात. त्यांनी कमरेच्या पिशवीतून जेलचं पाकीट काढून माझ्या तोंडात पिळलं. दहा-पंधरा मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं. रक्त तपासायला तिथं काही नव्हतं, त्यामुळे आकडा सांगता येत नाही. पण त्या सिग्नलचा हिरवा रंग अजून डोळ्यांसमोर येतो.

घरी आल्यावर मुलानं निदान केलं : "आई, यू बाँक्ड." सायकलवाले आणि पळणारे याला 'बाँक' म्हणतात. सोमवारी मी डॉक्टरांना फोन केला, आणि त्यांनी क्रीडा-आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. त्या बाईंनी मला जे समजावलं, ते आपल्या या सदरात आरोग्य आणि अर्थ एकत्र नांदत असल्यानं मी बँकेच्या भाषेत सांगते.

शरीर पिष्टमय पदार्थांची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. साधारण शंभर ग्रॅम यकृतात, आणि त्याच्या चारेक पट स्नायूंत. यकृताचा साठा म्हणजे चालू खातं. रक्तातली साखर त्यातून राखली जाते, आणि मेंदूला साखर लागते ती तिथून मिळते. स्नायूंतला साठा ही मुदत ठेव : ज्या स्नायूची त्यालाच वापरता येते, रक्तात परत काढून मेंदूला उसनी देता येत नाही. चरबी म्हणजे गावाकडची जमीन. भरपूर, पण घाईच्या वेळी विकून रोख होत नाही. आपण रात्रभर झोपतो तेव्हाही मेंदू चालू खात्यातून पैसे काढतच असतो. म्हणजे सकाळी उठतो तेव्हा पायातली ठेव बऱ्यापैकी शाबूत, पण यकृताचं खातं बरंच रिकामं. मी तर आदल्या दिवसाचा उपास करून ते जवळजवळ शून्यावर आणलं होतं आणि वर दोन तासांचा चेक फाडला होता. तो वटला नाही.

"पण माझी शुगर?" हा माझा प्रश्न. त्याचं उत्तर ऐकून मी थक्क झाले. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो. तेच केळं खुर्चीवर बसून खाल्लं तर वेगळं, आणि पाऊण तासानं दहा मैल पळायचं असताना खाल्लं तर वेगळं. मी पळायच्या दिवशी उपाशी राहत होते, आणि नंतर दिवसभर भुकेनं येईल ते तोंडात टाकत होते. संध्याकाळी चिवड्याचा डबा घेऊन बसायचं, आणि मनात मात्र "मी सकाळी काही खाल्लं नाही" हे समाधान! हिशेब तपासनीस बाईचा हा हिशेब.

तेव्हापासून नाश्ता रोज एकच असतो ही कल्पना मी सोडली. दिवसाचं काम काय, त्यावर नाश्ता.

ऑफिसचा दिवस असेल, पळणं नसेल, तर मुगाची दोन धिरडी आणि दही, किंवा दोन अंडी आणि मोडाची उसळ. पोहे केलेच तर अर्धे आणि त्यात मटार घालून. इथं मुख्य काम प्रथिनांचं आणि चोथ्याचं. अर्ध्या-पाऊण तासाचं हलकं पळणं असेल तर आधी खाल्लंच पाहिजे असं नाही. मी चहा पिऊन जाते, भूक असली तर अर्धं केळं. एवढ्यासाठी थाळी भरून खाण्याची गरज नाही, हेही सांगायला हवं, कारण पळायला लागलेली आपली काही मंडळी दोन मैलांच्या जिवावर जिलबी खाताना मी पाहिली आहेत.

लांब पळण्याचा दिवस मात्र वेगळा. क्रीडा-आहाराचा सर्वसाधारण नियम असा, की पळण्याआधी एक ते चार तासांत शरीराच्या दर किलोमागे एक ते चार ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. वेळ कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त. माझ्या ६२ किलोला तासभर आधी साठेक ग्रॅम झाली. एका मध्यम केळ्यात २७ ग्रॅम असतात, एका मोठ्या मेजूल खजुरात १८ च्या आसपास. म्हणजे एक केळं आणि दोन खजूर : ६३. झालं! शनिवारी साडेपाचला पळायचं असेल तर साडेचारला एवढंच खाते. अडीचला उठून स्वयंपाक कोण करणार?

आणि मोठ्या दिवसासाठी, तीन तास हातात असतील तेव्हा, पोहे. हो, तेच आपले कांदेपोहे, जे मी मार्चमध्ये घराबाहेर काढले होते. काट्यावर ७५ ग्रॅम कोरडे पोहे मोजले तर त्यात ५७-५८ ग्रॅम कर्बोदकं येतात. त्यावर एक केळं, दोन चमचे साखरेचा चहा, की नव्वदच्या वर गेलं. पण हे पोहे पाहुण्यांना देतो तसे नव्हेत. तेल एक चमचा, कांदा नावाला, दाणे नाहीत, खोबरं नाही, मीठ मात्र नेहमीपेक्षा किंचित जास्त, लिंबू चालेल. तेल-दाण्यांनी पोट सावकाश रिकामं होतं. एरवी तो गुण, पळताना तो दोष.

हे मला कुणी सांगून पटलं नाही, अनुभवानंच पटलं. चौदा मैलांच्या आधी मी 'पौष्टिक' म्हणून भाजणीचं थालीपीठ लोण्याबरोबर खाल्लं. सहाव्या मैलापासून ते प्रत्येक पावलाला मला आपली ओळख देत होतं. बाकीची हकीकत छापण्यासारखी नाही. जंगलखात्याच्या त्या पोर्टेबल शौचालयाचे मात्र आभार. दुधातले ओट्स मुलाला झकास चालतात, मला पोट फुगतं. इडली बिनसांबाराची उत्तम. मऊ भात मेतकूट घालून, तूप अगदी थेंबभर, हा तर पोटाला सगळ्यांत सोसणारा. आजारी माणसाचं जेवण म्हणून आपण त्याला हिणवतो, पण कमी चोथा, कमी चरबी, भरपूर पिष्ट हीच इथली मागणी. तुमचं पोट तुमचं. जे काही करायचं ते सरावाच्या शनिवारी करून बघा, शर्यतीच्या सकाळी नवा प्रयोग नको.

उपासाचं काय? हा प्रश्न बायका हमखास विचारतात, तोही हळू आवाजात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्टाचा डोंगर, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, प्रथिनं जवळजवळ नाहीत. पळणाऱ्याला खरं तर सोन्यासारखी, पण आपण त्यात तूप आणि दाण्याचं कूट इतकं घालतो की ती पोटात ठाण मांडून बसते. दाण्याशिवाय खिचडी करा म्हटलं तर माझ्या सासूबाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, त्यामुळे मी तो नाद सोडला. उपासाच्या आदल्या-मागल्या दिवशी लांब पळणं असेल तर उकडलेला बटाटा मीठ लावून (एका मध्यम बटाट्यात केळ्याएवढीच कर्बोदकं), केळं, खजूर. आता मी संकष्टी सोडलेली नाही, पण शनिवारचं लांब पळणं तिला लागून आलं तर ते रविवारवर ढकलते. गटातल्या नर्सबाई आता दर महिन्याला मला विचारतात, "तुझा चंद्र कधी आहे?"

पाणी दोन-तीन तास आधी एक-दोन ग्लास पुरतं. घटाघटा लिटरभर पिणं चांगलं नाही. तासन्‌तास पळताना नुसतं पाणी अति प्यायल्यानं रक्तातलं सोडियम उतरून माणसं दगावलेली आहेत. चहा-कॉफीची सवय असेल तर सोडू नका. आणि दोन तासांहून जास्त पळायचं तर नाश्ता कितीही चांगला असला तरी पुरत नाही, वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका जेलला दोन-तीन डॉलर मोजावे लागतात. घाऊक दुकानातला खजूर बिया काढून छोट्या पिशवीत ठेवला तर काही सेंटांत काम होतं. सोळा-अठरा आठवड्यांच्या सरावात हा फरक बूट घेण्याइतका होतो.

आता एक गंभीर गोष्ट, विशेषतः आमच्या वयाच्या मंडळींसाठी. माझे मोठे दीर न्यू जर्सीत असतात, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. माझं ऐकून त्यांनाही उत्साह आला, आणि सकाळची गोळी घेऊन, नाश्ता "आल्यावर करू" म्हणून दोन तास भरभर चालून आले. दारात आले तेव्हा घामानं चिंब, बोलणं तुटक. वहिनींनी बोटाला टोचून पाहिलं : ५८. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. वहिनींनी ताबडतोब अर्धा कप संत्र्याचा रस दिला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग जेवायला वाढलं. घरी पोचले होते म्हणून निभावलं. वहिनी फोनवर म्हणाल्या, "तुझं पळणं तुझ्याजवळ ठेव गं बाई!" त्यांचा राग बरोबर होता, मी अर्धवट माहिती दिली होती.

ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड, ग्लायब्युराइड या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांना उपाशीपोटी व्यायाम सरळसरळ धोक्याचा आहे. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो धोका फार कमी. आपली गोळी यातली कोणती, हे औषधाच्या बाटलीवर आज वाचा, आणि लांब चालणं-पळणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण गोळीचा डोस किंवा वेळ बदलावी लागू शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या आणि एक ओळखपत्र ठेवा. दीर आता दोन्ही ठेवतात, आणि आधी इडली खाऊन जातात.

माझ्या शर्यतीचं सांगून थांबते. ८ ऑक्टोबर २०२३, रविवार. हवा छान गार होती. माझी तुकडी ८ वाजून ३५ मिनिटांनी सुटणार होती. 'ह्यां'नी गाडी चालवली, आणि पावणेसहाला आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवर मी स्टीलच्या डब्यातून चमच्यानं पोहे खाल्ले. खिडक्या बंद, गाडीभर फोडणीचा वास. मग ग्रँट पार्कच्या गवतावर बसून केळं. शेजारी टेक्ससहून आलेली एक मुलगी कोरडं बेगल चावत होती, तिनं विचारलं, "तो मघाशी कसला सुंदर वास येत होता तुझ्या जाकिटाला?"

त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर केनियाच्या केल्विन किप्टमनं २ तास ३५ सेकंदांत शर्यत संपवून जागतिक विक्रम केला. तो पोचला तेव्हा माझा चौथा मैल चालला होता. पुढच्या फेब्रुवारीत, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला. बातमी वाचून घरातलं कुणी जावं तसं वाटलं.

दर चाळीस मिनिटांनी एक खजूर, मधून मधून तिथलं खारट-गोड पेय. एकोणिसाव्या मैलाला पिल्सनमध्ये बँड वाजत होते. विसाव्या मैलापुढे भिंत आडवी येते असं सगळे सांगतात. पाय दुखले, टाच भरून आली, पण डोकं स्वच्छ होतं. चायनाटाऊनमधले सगळे फलक मी मुद्दाम वाचत गेले, स्वतःची परीक्षा म्हणून. रूझवेल्ट रोडवरचा शेवटचा चढ चालत चढले, आणि ५ तास ४८ मिनिटांनी शर्यत संपवली. डिसेंबरमध्ये ए-वन-सी ५.८ आलं. अजून उंबरठ्यावरच आहे, पण एक पाऊल मागं. ते नुसत्या पळण्यानं नाही, संध्याकाळचा चिवड्याचा डबा बंद झाल्यानंही असावं.

संध्याकाळी सांगलीला आईला फोन केला. तिथं पहाट होती. पदक, बेचाळीस किलोमीटर, सगळं शांतपणे ऐकून घेऊन तिनं विचारलं, "आणि खाल्लंस ते आंघोळ करून ना?"

"केली होती गं. पहाटे साडेतीनला."

"मग ठीक आहे," आई म्हणाली.